आइसलँडमधलं दोनशे वस्तीचं गाव कसं चालतं

आइसलँडच्या फोटोंत धबधबा असतो, हिरवा उत्तरध्रुवीय प्रकाश असतो आणि लाल छपराचं एकटं चर्च असतं. त्या चर्चच्या मागे दीडदोनशे माणसं राहतात. त्यांना अंघोळीला पाणी, पोरांना शाळा आणि जानेवारीत गावाबाहेर पडायला रस्ता लागतो, हे फोटोत येत नाही. देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत. त्यातले दोन तृतीयांशाच्या आसपास लोक रेक्याविक आणि त्याला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये राहतात. मधला उंच पठारी भाग निर्मनुष्य आहे. बाकीची माणसं किनाऱ्याने विखुरलेली, त्यातही पश्चिमेच्या, उत्तरेच्या आणि पूर्वेच्या फ्योर्डमध्ये. इथे त्याच गावांबद्दल लिहायचं आहे. दृश्यं कोणालाही दिसतात, त्यामुळे भर गाव कशावर उभं राहतं यावर.

फ्योर्ड म्हणजे डोंगरांत मैलोन्‌मैल आत घुसलेली खाडी. दोन्ही बाजूंना सपाट माथ्याचे, पाचसहाशे मीटर उंचीचे कडे, आणि घरं बांधण्याजोगी जागा फक्त पाण्याच्या कडेला. बरीच गावं खाडीत शिरलेल्या वाळूगोट्यांच्या दांड्यावर वसली आहेत, कारण दांड्याच्या आडोशाला होड्या सुरक्षित राहतात. गावात एक मुख्य रस्ता, त्याला समांतर एखाददुसरी गल्ली, बंदराचा धक्का, मासळीचा कारखाना (चालू असेल किंवा बंद पडलेला), शाळा, चर्च, समाजमंदिरासारखं एक सभागृह, पेट्रोलचा पंप आणि पोहण्याचा तलाव. गाव संपलं.

जुनी घरं लाकडी सांगाड्याची, आणि छपरालाच नव्हे तर भिंतींनाही पन्हळी पत्रा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पत्रा ब्रिटनहून यायला लागला आणि तिथे पक्का रुजला. कारण सरळ आहे. पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त पडतो, आडव्या पावसात उघडं लाकूड काही वर्षांत कुजतं, आणि देशात बांधकामाचं लाकूड जवळपास नाहीच. पत्र्याच्या मागे हवा खेळायला फट ठेवावी लागते. ती नसेल तर घरातली दमट हवा आत अडकून सांगाडा आतून कुजतो आणि बाहेरून रंग मात्र छान दिसत राहतो. समुद्राकडची भिंत आधी गंजते, म्हणून तिचा रंग इतर तीन भिंतींच्या आधी काढावा लागतो. छपराच्या कोपऱ्यातला एक खिळा ढिला झाला की वारा तिथून बोट घालतो आणि एका रात्रीत अख्खी ओळ सोलून नेतो. शरद ऋतूत शिडी लावून खिळे तपासणं हे त्या गावांमधलं ठरलेलं काम आहे.

आता गरम पाणी. घर ऊबदार ठेवण्याचा खर्च हा गावागावांतला सगळ्यात मोठा फरक आहे, आणि तो जमिनीखाली काय आहे यावर ठरतो. देशातली सुमारे ९० टक्के घरं भूगर्भातल्या उष्णतेवर तापतात. ज्या गावाजवळ गरम पाण्याची विहीर लागली तिथून ते पाणी उष्णतारोधक नळांतून घरोघरी जातं. अनेक ठिकाणी जमिनीतलं पाणी जसंच्या तसं रेडिएटरमध्ये आणि नळालाही येतं, ६० ते ८० अंशांचं. त्यामुळे गरम नळाखाली थेट हात धरू नये, भाजतं. पाण्याला थोडा कुजक्या अंड्यासारखा वास असतो, तो गंधकाचा. चांदीची अंगठी घालून अंघोळ केली की ती काळी पडते. थंड नळाचं पाणी वेगळ्या झऱ्याचं, त्याला वास नसतो आणि त्यात क्लोरीनही नसतं. प्यायला गरम नळाचं पाणी घ्यायचं नाही आणि थंड नळ आधी थोडा सोडून द्यायचा, एवढी सवय पुरते.

बिल दोन पद्धतींनी येतं. एक मीटर, म्हणजे वापरलेल्या घनमीटरवर पैसे. दुसरी पद्धत ग्रामीण भागात अजून आढळते. तिथे नळाच्या तोंडाशी प्रवाहाला बंधन घालणारी झडप बसवलेली असते आणि ‘मिनिटाला इतके लिटर’ असं पाणी विकत घेतलेलं असतं. वापरा न वापरा, पैसे तेवढेच. समजा मिनिटाला ३ लिटर घेतलं आणि ७० अंशांचं पाणी रेडिएटरमधून ३५ अंशांवर बाहेर पडलं, तर घराला सुमारे ७ किलोवॅट उष्णता मिळते. चांगल्या बांधलेल्या मध्यम घराला एरवी एवढी पुरते. पण कडाक्याच्या वाऱ्यात कोणी टब भरायला घेतला की रेडिएटरच्या वाट्याचं पाणी नळातून जातं आणि घर थंड पडायला लागतं. परत जाणारं पाणी ४५-५० अंशांचं लागत असेल तर रेडिएटर लहान आहे, त्यात हवा अडकली आहे किंवा झडप नीट बसलेली नाही. परतीच्या नळाला हात लावून पाहणं हीच तपासणी. तीसएक अंशांपर्यंत निवलेलं पाणी पुष्कळ ठिकाणी अंगणाच्या फरशीखालच्या नळ्यांतून फिरवतात, म्हणजे दारातला बर्फ आपोआप वितळतो. स्वस्त उष्णतेमुळे रेडिएटर चालू ठेवून खिडकी उघडी टाकायची सवय देशभर आहे. मीटर असलेल्या घरात ती निव्वळ उधळपट्टी आहे आणि झडपेच्या घरात तर स्वतःच्या हाताने घर थंड करणं.

ज्यांच्या जमिनीखाली गरम पाणी नाही ती ‘थंड’ गावं. पश्चिमेच्या फ्योर्डमध्ये अशी जास्त. तिथे विजेवर घर तापवतात आणि सरकार त्या बिलात सवलत देतं, तरी खर्च जास्तच पडतो. काही गावांत मध्यवर्ती विजेच्या बॉयलरवर पाणी तापवून घरोघर पुरवतात, आणि हे बॉयलर स्वस्त, पण टंचाई पडली की तोडता येणाऱ्या विजेवर चालतात. २०२२ च्या सुरुवातीला जलाशयांत पाणी कमी पडलं तेव्हा ती वीज तुटली आणि बॉयलरमध्ये तेल जाळावं लागलं. स्वच्छ ऊर्जेचा देश म्हणून मिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. नशीबही लागतं. द्राउंग्सनेस या चिमुकल्या गावात थंड पाण्यासाठी भोक पाडताना गरम पाणी लागलं. आज त्या गावाच्या समुद्रकाठी, रस्त्याच्या कडेला, गरम पाण्याची तीन कुंडं आहेत आणि ती कोणालाही फुकट आहेत. पश्चिमेच्या फ्योर्डमधल्या ईसाफ्योर्दुर गावाजवळच्या तुंगुदालुर दरीत २०२४ साली गरम पाणी लागल्यावर त्या भागात एवढा आनंद का झाला, ते यावरून कळेल.

गाव शंभर वस्तीचं असलं तरी तलाव असतोच असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. पोहणं शाळेत सक्तीचं आहे, आणि त्यामागे कौतुकापेक्षा हिशेब आहे: मच्छीमार किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बुडत, कारण त्यांना पोहता येत नसे. आता तलाव हा गावाचा पार आहे. मोठ्या तलावाचं पाणी साधारण २८-२९ अंशांचं, शेजारच्या कुंडांचं ३८ ते ४२. थंडीवाऱ्यात डोकं बाहेर ठेवून माणसं तासभर कुंडात बसतात आणि गावातला प्रत्येक विषय तिथे निघतो. नियम मात्र कडक. बूट दाराशीच काढायचे. पोहण्याचा पोशाख चढवायच्या आधी, पूर्ण विवस्त्र होऊन, साबण लावून अंघोळ करायची. डोकं, काखा, जांघा आणि पाय धुवा असं चित्र भिंतीवर लावलेलं असतं आणि लहान गावातही कोणी ना कोणी लक्ष ठेवून असतं. पाण्यात क्लोरीन अगदी कमी घालतात, म्हणून हा आग्रह. लाजून कपड्यांसकट अंघोळ उरकणारा पाहुणा लगेच परत पाठवला जातो. बाहेर आल्यावर कपडे बदलायच्या खोलीत जाण्याआधी अंग पुसायचं, हा नियम पाहुणे सगळ्यात जास्त मोडतात.

बाहेरच्या माणसाला थंडीची धास्ती असते. ती चुकीच्या जागी आहे. किनाऱ्यावर हिवाळ्यात तापमान शून्याच्या आसपासच घुटमळतं. त्रास देतो तो वारा, आणि वाऱ्याचा वेग तिथे मीटर प्रति सेकंदात सांगतात. २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. हवामान खातं पिवळा, नारिंगी आणि लाल अशा तीन पायऱ्यांचा इशारा देतं. महत्त्वाच्या घाटांवर आणि कड्यांखालच्या रस्त्यांवर फलक असतात, त्यावर सरासरी वेग आणि झोतांचा वेग असे दोन आकडे दिसतात. गाडी चालवणाऱ्याने दुसरा पाहायचा. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची आणि दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं. पाठीमागून वारा आला तर दार बिजागरीसकट उलटं फिरतं, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान बहुधा धरलेलं नसतं. पहिलं शरद वादळ आलं की अंगणातली मुलांची ट्रॅम्पोलिन उडतात आणि बचाव पथकाच्या लोकांना ती पकडायला जावं लागतं. ही अतिशयोक्ती नाही, दरवर्षीची गोष्ट आहे.

ही बचाव पथकं पूर्णपणे स्वयंसेवकांची. शिक्षक, सुतार, मासळी कारखान्यातला कामगार, कोणाचाही फोन रात्री दोन वाजता वाजू शकतो. त्यांच्या मोठ्या जीप आणि बर्फावरची वाहनं कशावर चालतात, तर मुख्यतः वर्षअखेरीच्या फटाक्यांच्या विक्रीवर. म्हणून ३१ डिसेंबरला दोनशे माणसांचं गाव एवढे फटाके उडवतं की धुरात समोरचं घर दिसत नाही. आणीबाणीचा क्रमांक ११२.

रस्त्यांचं गणित पक्कं पाठ हवं. गावात ताशी ५०, खडीच्या रस्त्यावर ८०, डांबरी रस्त्यावर ९० किलोमीटर, आणि खडीवर ८० ही कमाल आहे, सल्ला नव्हे. डांबर संपून खडी सुरू होते त्या जागी पर्यटकांच्या गाड्या उलटतात, कारण वेग कमी करायचा तो खडीवर पोचल्यावर नव्हे, आधी. खिळ्यांचे टायर १ नोव्हेंबर ते १४ एप्रिलपर्यंत चालतात. पूल अजूनही पुष्कळ ठिकाणी एकेरी आहेत. जो आधी पोचला तो आधी जातो, पण समोरचा हे पाळेलच असं धरून चालू नये. ईसाफ्योर्दुर, फ्लातेयरी आणि सुदुरेयरी यांना जोडणारा नऊएक किलोमीटरचा बोगदा तर डोंगराच्या पोटातच फाट्यांत फुटतो, आणि त्याच्या दोन शाखा एकपदरी आहेत. ज्या दिशेला वाट द्यायची असते त्या दिशेच्या गाड्या ठरावीक अंतरावरच्या खोबणीत थांबतात. समोरचे दिवे दिसले की पुढची खोबण गाठण्यापेक्षा जवळची धरावी. बोगद्यात अंतराचा अंदाज हमखास चुकतो.

कुठला रस्ता आठवड्यातून किती दिवस साफ करायचा, याचं कोष्टक सरकारी रस्ते खात्याने ठरवलेलं असतं. वरकरणी किरकोळ वाटणारी ही गोष्ट गावाचं भवितव्य ठरवते. आउर्नेसह्रेप्पुर या पश्चिमेच्या फ्योर्डमधल्या दूरच्या तालुक्यात ऐन हिवाळ्याचे काही आठवडे रस्ता नियमित साफ होत नाही. मग विमान येईल तेव्हा टपाल आणि किराणा. अशा ठिकाणी शाळेत जाणारी मुलं असलेलं कुटुंब टिकत नाही. उलट २०२० च्या ऑक्टोबरात दिराफ्योर्दुरचा साडेपाच किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि महिनोन्‌महिने बंद राहणारी खिंड टळली.

हिमस्खलनाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण त्यानेच या गावांचा नकाशा बदलला. १६ जानेवारी १९९५ ला सूदाविक गावावर बर्फ कोसळला, १४ माणसं गेली. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला फ्लातेयरीत २० गेली. जिथे सगळे एकमेकांना नावाने ओळखतात तिथे हे आकडे काय असतात ते सांगायला नको. कारण समजायला सोपं आहे. कड्यांचे माथे सपाट आणि विस्तीर्ण. ईशान्येचं वादळ दोनतीन दिवस चाललं की माथ्यावरचा सगळा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने ढकलला जाऊन कड्याच्या आडोशाच्या घळींमध्ये साठतो. गावात फूटभरच बर्फ दिसतो आणि वर घळीत कित्येक मीटर. म्हणून धोका किती हिमवृष्टी झाली यापेक्षा वारा कुठून आणि किती वेळ वाहिला यावर मोजतात.

त्यानंतर धोक्याच्या पट्ट्यांचे नकाशे झाले. सूदाविक जवळच्याच सुरक्षित जागी नव्याने वसवलं. जुन्या भागातली घरं उभी आहेत, पण ती उन्हाळ्यापुरती. हिवाळ्यात तिथे राहायची मनाई आहे. फ्लातेयरीच्या डोक्यावर, इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचे मातीचे प्रचंड बांध १९९८ पर्यंत उभे राहिले. बर्फाला अडवण्याऐवजी तो दोन बाजूंना वळवून समुद्रात सोडायचा, ही कल्पना. जानेवारी २०२० मध्ये खरी परीक्षा झाली. बहुतेक बर्फ वळला, पण काही बांधावरून उडून एका घरात शिरला. घरातली मुलगी बर्फाखालून जिवंत निघाली. वळवलेल्या लोटाने बंदरातल्या बोटी मात्र चिरडल्या. गाव वाचलं आणि गावाच्या पोटापाण्याची साधनं गेली. बांधांची आखणी करताना बंदराचा विचार कमी पडला, हे तेव्हा उघड झालं. या कामांसाठीचा निधी देशभरातल्या इमारतींच्या विम्यावर बसवलेल्या छोट्या आकारणीतून उभा राहतो.

पोटापाण्याचा प्रश्न समुद्राशी बांधलेला आहे. १९८४ साली कॉड या माशासाठी कोटा पद्धत आली. आधीच्या वर्षांच्या पकडीवरून प्रत्येक बोटीला वाटा मिळाला. १९९० च्या कायद्याने हा वाटा मुक्तपणे विकण्याची मुभा दिली. माशांच्या साठ्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं ठरलं यात वाद नाही. पण वाटा बोटमालकाचा, गावाचा नव्हे. एका मालकाने म्हातारपणी कोटा विकला की तो दुसऱ्या फ्योर्डमधल्या मोठ्या कंपनीकडे जातो, आणि गावात राहतो तो धक्का आणि रिकामा कारखाना. रॉयवारहॉप्नसारखं एकेकाळी हेरिंग माशावर गजबजलेलं बंदर असंच ओस पडत गेलं. हेरिंग १९६० च्या दशकाच्या अखेरीस नाहीसा झाला होता, पुढे कोटाही गेला. २०१२ मध्ये सरकारने ‘नाजूक वस्त्यां’साठी योजना सुरू केली ती याच गावापासून. मासळी कारखाने जिथे चालू आहेत तिथे कामगारांत पोलंडहून आलेल्यांचं प्रमाण मोठं आहे, आणि ती कुटुंबं आली नसती तर काही शाळांचे वर्ग भरले नसते. पश्चिमेला आणि पूर्वेला अलीकडे खाडीतल्या पिंजऱ्यांमधली सामन मत्स्यशेती आली. नोकऱ्या मिळाल्या, पिंजऱ्यातून सुटलेले मासे नद्यांमध्ये शिरून जंगली सामनशी संकर करतात, हे भांडणही आलं.

लहान बोटवाल्यासाठी २००९ पासून किनारी मासेमारीची सोय आहे. कोटा नसला तरी परवाना मिळतो. मोसम मे ते ऑगस्ट, सोमवार ते गुरुवार, महिन्याला १२ दिवस, दिवसाला एक फेरी, फेरी जास्तीत जास्त १४ तासांची, पकड ६५० किलो कॉडच्या मोलाची, आणि बोटीवर गरवायची यंत्रं चारच. यंत्र म्हणजे काठाला बसवलेलं विजेचं रीळ. दोरीच्या टोकाला दोनएक किलोचं वजन, त्याच्या वर रंगीत रबरी आमिषांचे चारपाच गळ. वजन तळाला टेकलं की रीळ दोरी थोडी वर ओढतं आणि वरखाली हलवत राहतं, मासा लागल्याचा ताण जाणवला की आपोआप वर घेतं. मालकाचं खरं कौशल्य पुढे दिसतं. मासा वर येताच गळा चिरून वाहत्या समुद्राच्या पाण्यात रक्त निथळू द्यायचं, मग बर्फपाण्याच्या टबात. रक्त नीट निघालं नाही तर मांस लालसर पडतं. ऊन असलेल्या दिवशी बर्फ कमी पडला तर संध्याकाळच्या लिलावात भाव कोसळतो. परतल्यावर धक्क्यावरच्या काट्यावर वजन होतं. ६५० च्या वर जे भरलं त्याची किंमत सरकारजमा.

ही पद्धत कागदावर सुंदर आहे. अडचण अशी की चार महिन्यांसाठी सगळ्या देशाला मिळून एकच साठा ठरलेला असतो. तो संपला की मासेमारी बंद, आणि २०२३ व २०२४ मध्ये तो जुलैच्या मध्यातच संपला. ईशान्य किनाऱ्यावर मोठा कॉड उन्हाळ्याच्या शेवटी येतो, म्हणजे तिकडच्यांच्या दारात मासा आला तेव्हा परवान्याला अर्थ उरला नव्हता. त्यात भर म्हणजे घाई. साठा संपायच्या आत आपले दिवस भरून काढायचे म्हणून माणसं नको त्या वाऱ्यात बोट काढतात.

गावाच्या पाठीमागच्या दऱ्यांमध्ये मेंढपाळ शेतकरी. इथलं वर्ष डिसेंबरात सुरू होतं, तेव्हा मेंढे सोडतात. गाभणकाळ १४३ दिवसांच्या आसपास, म्हणजे वेतं मेच्या पहिल्या आठवड्यात, गवत फुटायच्या बेताला. फेब्रुवारी-मार्चमध्ये अल्ट्रासाउंड करून कोणत्या मेंढीच्या पोटात किती कोकरं आहेत ते पाहतात आणि पाठीवर रंगाची खूण करतात. हेतू असा की प्रत्येक मेंढीमागे दोन कोकरं राहावीत. तीन देणारीचं एक, एक देणारीला लावायचं. त्यासाठी दोघी जवळपास एकाच वेळी व्याव्या लागतात. दत्तक द्यायचं कोकरू नव्या आईच्या गर्भजलात नखशिखान्त बुचकळायचं, त्याचे पाय थोडा वेळ सैल बांधायचे म्हणजे ते नवजातासारखं धडपडतं, आणि मग दोन्ही कोकरं तिच्यापुढे एकत्र ठेवायची. तिने चाटायला सुरुवात केली की काम झालं. उशीर झाला, कोकरू सुकलं किंवा त्याला आधीच्या आईचा वास राहिला, तर ती ढुशी मारून लांब लोटते आणि मग उरते बाटली. मे महिन्यात गोठ्यात चोवीस तास पहारा असतो आणि शेतकऱ्याला भेटायला जायची ही वेळ नव्हे.

जूनमध्ये मेंढ्या डोंगरावरच्या सामाईक कुरणात मोकळ्या सुटतात, राखणीशिवाय. जुलै-ऑगस्टमध्ये गवत कापून त्याचे गोल भारे प्लॅस्टिकच्या फितीत पाचसहा थरांनी गुंडाळतात. कावळ्याच्या जातीचा मोठा डोमकावळा चोचीने फितीला भोक पाडतो. ते त्याच दिवशी चिकटपट्टीने बंद केलं नाही तर आत बुरशी धरते, आणि असं गवत खाऊन मेंढ्यांना लिस्टेरियाचा मेंदूविकार होतो. भारे हलवताना एक फाटलेला भारा दिसला तर तो जनावरांपुढे टाकायचा मोह आवरावा.

सप्टेंबरात सगळा डोंगर माणसांनी विंचरायचा. पायी, घोड्यावर, कुत्र्यांसह, ‘डोंगरचा राजा’ म्हणून नेमलेल्या अनुभवी माणसाच्या हुकमाखाली, लांब रांग धरून. मोठ्या कुरणांत हे काम आठवडाभर चालतं. खाली आल्यावर कळप गोल वाड्यात जातो. चाकाच्या तुंब्यासारखं मधलं मोकळं अंगण आणि त्याभोवती पाचरीच्या आकाराचे कप्पे, प्रत्येक कप्पा एका शेताचा. अंगणात शिरून मेंढीचं शिंग धरायचं, तिला दोन्ही पायांमध्ये पकडायचं, कानातला बिल्ला वाचायचा आणि कानाची कापखूण बोटांनी चाचपायची. खुणा घराण्यागणिक वेगळ्या, दोन्ही कानांच्या मिळून, आणि छापील नोंदवहीत नोंदलेल्या. बिल्ला पडतो, खूण पडत नाही. मेंढीला लोकरीला धरून ओढायचं नाही. कातडीखाली रक्त साकळतं आणि मांस खराब होतं. नवख्या मदतनिसाला पहिला ओरडा यासाठीच बसतो.

धुकं आलं तर सगळं एक दिवस पुढे जातं. पहिल्या फेरीत राहिलेल्यांसाठी दुसरी, तिसरी फेरी करावीच लागते. २०१२ च्या सप्टेंबरात उत्तरेत अवेळी हिमवादळ आलं आणि कळप डोंगरावर असतानाच हजारो मेंढ्या बर्फाखाली गाडल्या गेल्या. माणसांनी काठ्या खुपसत, कुत्र्यांच्या मदतीने कित्येक जिवंत उकरून काढल्या. रोगांचीही भीती असते. १९३३ मध्ये काराकुल मेंढ्या आयात केल्या आणि त्यांच्याबरोबर फुप्फुसाचा रोग आला. तेव्हापासून देशाचे कुंपणांनी विभाग पाडले आहेत, प्रत्येक विभागाचा बिल्ल्याचा रंग वेगळा, आणि विभाग ओलांडून मेंढी न्यायला बंदी. घोड्यांचा नियम त्याहून कडक: देशाबाहेर गेलेला घोडा परत येत नाही. वापरलेलं खोगीर घेऊन जाणाऱ्या पाहुण्याचं खोगीरही विमानतळावर अडतं.

ज्यांच्या बेटावर किंवा किनाऱ्यावर आयडर बदकं घरटी करतात त्यांना जूनमध्ये आणखी एक उत्पन्न. मादी छातीची पिसं उपटून घरट्याला अस्तर करते. ते अस्तर हळूच काढून त्या जागी कोरडं गवत ठेवतात. सुमारे ६० घरट्यांतून एक किलो साफ पिसं मिळतात. पावसात भिजलेलं अस्तर काढायचं नाही. कोल्हा आणि मुंगसासारखा मिंक दूर राहावेत म्हणून शेतकरी रंगीत निशाणं लावतात, रेडिओ चालू ठेवतात. हा पक्षी १८४७ पासून कायद्याने संरक्षित आहे.

दुकान एकच असतं, त्यातच टपाल, कॉफी आणि कधी औषधाची पुडी. दारू मुख्यतः सरकारी दुकानात मिळते आणि छोट्या ठिकाणी ते दिवसातून थोडे तासच उघडतं. कार्ड सगळीकडे चालतं. विनामाणसाच्या पेट्रोलपंपाला पिन असलेलं कार्ड लागतं. डॉक्टर ठरलेल्या वारी येतो. राहायला जाणाऱ्याने सगळ्यात आधी दहा आकडी राष्ट्रीय ओळख क्रमांक काढावा. बँक, विजेचं कनेक्शन, ग्रंथालय, काहीही त्याच्याशिवाय हलत नाही.

हिवाळ्यात अक्षांशापेक्षा डोंगर जास्त उजेड खातात. ईसाफ्योर्दुरमध्ये नोव्हेंबरअखेरपासून सूर्य कड्यामागेच राहतो आणि २५ जानेवारीच्या सुमारास गल्लीत पुन्हा ऊन पडतं. त्या दिवशी घरोघरी पातळ धिरडी करून क्रीम आणि मुरंबा घालून कॉफीबरोबर खातात. पूर्वेच्या सेयदिसफ्योर्दुरला हाच दिवस १८ फेब्रुवारीला येतो.

शाळा सोळाव्या वर्षापर्यंत गावात. एकेका वर्गात तीनचार इयत्ता बसतात. त्यापुढचं शिक्षण मोठ्या गावी, वसतिगृहात. मूल गेलं की बऱ्याचदा आईवडीलही मागोमाग जातात. परत यायची इच्छा पुष्कळांना असते, आणि इंटरनेटवर काम करता येत असल्याने हल्ली ते शक्यही असतं. अडतं ते घरापाशी. फ्योर्डमधली जुनी पत्र्याची घरं राजधानीतली माणसं सुट्टीसाठी विकत घेतात आणि वर्षातले दोनतीन महिने वापरतात. नवं बांधावं तर सिमेंट आणि लाकूड लांबून आणण्याच्या खर्चामुळे बांधायला जेवढे पैसे लागतात तेवढे विकताना मिळत नाहीत. म्हणून बँक कर्जाला कां कूं करते आणि कंत्राटदार फिरकत नाही. शिक्षक नेमला आणि राहायला जागा नाही, असं होतं. गावात कामं आहेत का हे विचारण्याआधी फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी रात्री किती खिडक्यांत दिवा असतो ते विचारावं, आणि भाड्याची जागा लेखी पक्की झाल्याशिवाय सामान हलवू नये.